कवीचा काळ कसा शोधावा? तुकोबा आणि १६३० चा दुष्काळ

(अभ्यास-लेख. मोठ्या गटासाठी. आई-बाबांनीही वाचायला हरकत नाही. कठीण शब्दांचे अर्थ आणि स्वाध्याय शेवटी दिले आहेत.)



तुमच्यापैकी जे गिम्नाझियमच्या वरच्या वर्गांत आहेत, त्यांना जर्मनच्या तासाला आन्द्रेआस ग्रिफिउस हा कवी भेटला असेल, नाहीतर लवकरच भेटेल. त्याचे १६३६ सालचे प्रसिद्ध सुनीत शिकवताना आधी तीस वर्षांच्या युद्धाची माहिती दिली जाते. १६१८ ते १६४८ हे आकडे फळ्यावर येतात, जळालेली गावे, रोगराई, उपासमार यांची चर्चा होते, आणि मग वर्ग कवितेकडे वळतो. कविता समजायला कवीचा काळ समजावा लागतो, हे तिथे सगळ्यांनी धरूनच चाललेले असते.

आपल्या तुकाराम महाराजांच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. त्यांचे अभंग आपण ऐकतो ते भजनात, नाहीतर आजीच्या तोंडून. तिथे फळा नसतो आणि सालही नसते. त्यामुळे तुकोबा म्हणजे हातात वीणा, कपाळाला गंध आणि वर पाहणारे डोळे, असे कॅलेंडरावरचे चित्र डोक्यात बसते. ते कोणत्या शतकात जगले हे विचारले तर पुष्कळांना चटकन सांगता येत नाही.

खरे पाहता हे दोन्ही कवी एकाच काळातले आहेत. ग्रिफिउसचा जन्म १६१६ चा. तुकोबांचा जन्म बहुतेक अभ्यासक १६०८ चा मानतात. ज्यांची भक्तिगीते आजही जर्मन चर्चमध्ये म्हटली जातात ते पाउल गेरहार्ट १६०७ साली जन्मले, म्हणजे तुकोबांचे अगदी बरोबरीचे. मे १६३१ मध्ये माग्डेबुर्ग शहर लुटले आणि जाळले गेले, तेव्हा हजारो माणसे मेली. त्याच वर्षी दख्खनमध्ये लोक अन्नावाचून मरत होते, आणि त्या दुष्काळात मरणाऱ्यांमध्ये तुकोबांची पहिली पत्नी होती.

या पाठात आपण दोन गोष्टी करू. एक, त्या दुष्काळाची माहिती घेऊ. दोन, अशी माहिती शोधायची कशी आणि कवितेशी जोडायची कशी, हे पायरी-पायरीने पाहू. पुढे कोणाला शाळेत एखाद्या मराठी कवीवर फाखआर्बाइट लिहायची असेल तर हीच पद्धत उपयोगी पडेल.

पायरी पहिली : प्रश्न नेमका करा

"तुकारामांचा काळ" हा प्रश्न फार मोठा आहे. त्यात राजकारण, शेती, जातिव्यवस्था, वारी, भाषा सगळेच येते. एवढा मोठा प्रश्न घेतला की हातात फक्त सर्वसाधारण वाक्ये राहतात. म्हणून प्रश्न लहान करावा. आपला प्रश्न असा : १६३० ते १६३२ या दुष्काळाचा तुकोबांच्या जीवनावर काय परिणाम झाला, आणि तो त्यांच्या अभंगांत कुठे दिसतो?

इथे एक सावधगिरी. महाराष्ट्राच्या इतिहासात "दुर्गादेवीचा दुष्काळ" नावाचा एक भयंकर दुष्काळ सांगितला जातो. तो १३९६ साली सुरू झाला असे मानतात, म्हणजे तुकोबांच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी. घरी विचारलेत तर कोणीतरी हे नाव हमखास घेईल. दोन्हींची गल्लत करू नका.

पायरी दुसरी : कवी स्वतः काय सांगतो?

कवीबद्दल माहिती हवी असेल तर पहिला साक्षीदार कवीच. तुकोबांच्या गाथेत काही अभंग आत्मचरित्रपर आहेत. संतमंडळींनी आग्रह केला म्हणून सांगतो, अशा सुरात त्यांनी आपली हकिकत सांगितली आहे. तिचा सारांश असा : आपण शूद्र कुळात जन्मलो, व्यवसाय व्यापाराचा, घरात विठ्ठलाची पूजा पूर्वापार चालत आलेली. आईवडील गेल्यावर संसारात दुःख झाले. दुष्काळाने पैसा नेला आणि मानही नेला. एक पत्नी अन्न मागत मागत गेली. धंदा तोट्यात गेला, लाज वाटू लागली. मग गावातले मोडकळीस आलेले देऊळ दुरुस्त करावे असे मनात आले. तिथून कीर्तन, संतांच्या वचनांचे पाठांतर, स्वप्नातला गुरुपदेश आणि शेवटी कवित्व.

या हकिकतीचा क्रम नीट पाहा. आधी व्यापार, मग दुष्काळ, मग मृत्यू, मग तोटा आणि लाज, मग देऊळ, आणि कविता सगळ्यांत शेवटी. कवीनेच आपल्या कवितेची सुरुवात दुष्काळाच्या पलीकडे ठेवली आहे. म्हणून हा प्रश्न आपण बाहेरून लादत नाही, तो त्यांच्याच शब्दांतून निघतो.

पण या साक्षीलाही मर्यादा आहे. हे अभंग घटना घडून गेल्यावर, मागे वळून पाहताना केलेले आहेत. आणि गाथेतले अभंग काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत. अमुक अभंग १६३१ मध्ये लिहिला, असे आपल्याला म्हणता येत नाही.

पायरी तिसरी : मजकूर आपल्यापर्यंत कसा आला?

ग्रिफिउसचे सुनीत १६३७ मध्ये, म्हणजे लिहिल्यावर लगेच, छापले गेले. तुकोबांचे अभंग त्यांच्या काळी छापले गेले नाहीत. अभंग वह्यांतून उतरवले जात आणि तोंडोतोंडी फिरत. संताजी जगनाडे यांच्या वह्या प्रसिद्ध आहेत. पुढे त्यांच्यावरून वि. ल. भावे यांनी गाथा छापली.

सगळ्यांत महत्त्वाची छापील आवृत्ती मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. विष्णु परशुराम पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून ती तयार केली. पहिला भाग १८६९ मध्ये आणि दुसरा १८७३ मध्ये आला. मुंबई सरकारने त्यासाठी चोवीस हजार रुपये दिले होते. या आवृत्तीत साडेचार हजारांवर अभंग आहेत. म्हणजे कवी आणि ही छापील गाथा यांच्यात सव्वादोनशे वर्षांचे अंतर आहे.

चरित्रांचेही तसेच. तुकोबांचे सविस्तर चरित्र सांगणारे महिपतीबुवा ताहराबादकर यांचे "भक्तविजय" १७६२ चे आणि "भक्तलीलामृत" १७७४ चे. तुकोबा गेले १६४९ किंवा १६५० मध्ये. महिपतींनी परंपरेतल्या कथा प्रेमाने जमवल्या, त्यात चमत्कारही आले. आपल्या घरी सगळ्यांना आठवतो तो प्रभात कंपनीचा १९३६ सालचा "संत तुकाराम" चित्रपट. चित्रपट सुंदर आहे, पण तो पुरावा म्हणून वापरता येणार नाही. जिजाई, म्हणजे आवली, खरोखर तशीच बोलत असेल का, हे तो आपल्याला सांगू शकत नाही.

याउलट संत बहिणाबाईंची साक्ष मोलाची आहे. त्या १६२८ ते १७०० या काळातल्या. त्यांनी तुकोबांना देहूत पाहिले आणि आपल्या आत्मचरित्रात त्याविषयी लिहिले. प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे असे लेखन मिळणे दुर्मीळ असते.

नियम असा धरा : प्रत्येक साधनापुढे दोन आकडे लिहा. घटना कोणत्या साली घडली आणि ती कोणत्या साली लिहिली गेली. मधले अंतर जितके जास्त, तितके वाक्य सावधपणे लिहायचे.

पायरी चौथी : बाहेरचे कागद

ज्याला तुकोबांशी काही देणेघेणे नव्हते, त्यानेही या दुष्काळाबद्दल लिहिले आहे का? लिहिले आहे, आणि तेही अनेकांनी.

पहिला पीटर मंडी. हा इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. नोव्हेंबर १६३० मध्ये तो सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला. वाटेत दिसलेले त्याने रोजनिशीसारखे लिहून ठेवले. रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेते, शेणातले दाणे वेचणारी माणसे, अगदी क्षुल्लक पैशांना विकली जाणारी मुले असे त्याचे वर्णन आहे. धान्य लादलेल्या हजारो बैलांचे वंजाऱ्यांचे तांडेही त्याने प्रवासात पाहिले. हे प्रवासवर्णन लंडनच्या हॅक्लुट सोसायटीने छापले आहे.

दुसरे डच. १६३१ च्या एका डच वृत्तान्तात गुजरातेत तीस लाख आणि अहमदनगरच्या बाजूला आणखी दहा लाख माणसे मेल्याचा अंदाज आहे. त्या काळी जनगणना नव्हती, तेव्हा हा आकडा मोजणीचा म्हणून घेता येत नाही. पण व्यापारासाठी आलेल्या, रोज हिशोब ठेवणाऱ्या माणसांना एवढा मोठा आकडा लिहावासा वाटला, हीच मोठी माहिती आहे.

तिसरा अब्दुल हमीद लाहोरी, शाहजहान बादशहाचा दरबारी इतिहासकार. त्याच्या "पादशाहनामा" या ग्रंथात दख्खन आणि गुजरातमधल्या या दुष्काळाचे भीषण वर्णन आहे. बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडले, गरिबांना पैसे वाटले आणि महसुलात सूट दिली, असेही तो सांगतो.

आता या तिघांची नजर कशी वेगळी आहे ते पाहा. इंग्रज आणि डच यांना काळजी होती ती सुताची आणि कापडाची; विणकर मेले की माल मिळत नाही. लाहोरी दरबारचा माणूस. बादशहाचा दयाळूपणा दाखवणे हे त्याचे काम. पण बादशहा तेव्हा बऱ्हाणपूरला का होता, हा प्रश्न आपण विचारायचा. तो तिथे होता दख्खनच्या लढाईसाठी. मुमताजमहल जून १६३१ मध्ये बऱ्हाणपुरातच वारली. लढाई होती निजामशाहीशी. फौजेला धान्य लागते, घोड्यांना चारा लागतो. पाऊस पडला नाही आणि वर फौजा आल्या, असे दुहेरी संकट त्या मुलखावर होते.

पायरी पाचवी : नकाशा उघडा

मंडी गेला तो रस्ता देहूजवळून जात नाही. सुरत देहूपासून सरळ रेषेत जवळजवळ तीनशे किलोमीटर उत्तरेला आहे, बऱ्हाणपूर त्याहून दूर. म्हणून मंडीचे वर्णन उचलून "देहूत असे घडले" असे लिहिणे चूक ठरेल. देहूसाठी जवळची माहिती हवी.

देहू इंद्रायणीकाठी, पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस प्रचंड पडतो आणि पूर्वेकडे जाताना तो झपाट्याने कमी होतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास, तर पुण्याला सातशेच्या आसपास. देहू पुण्याच्या बाजूला आहे. चांगल्या वर्षी तिथे ठीक पिकते, पण पाऊस चुकला तर हाताशी फारसे काही उरत नाही.

राजकारणाकडे पाहिले तर चित्र आणखी काळे होते. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला आणि निजामशाही खिळखिळी झाली. १६२९ मध्ये लखुजी जाधवांचा दौलताबादेत खून झाला. पुणे परगणा शहाजीराजांकडे होता. १६३० च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. गावावर गाढवाचा नांगर फिरवला, असे परंपरा सांगते. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. याच धामधुमीत, फेब्रुवारी १६३० मध्ये, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

म्हणजे देहूच्या व्यापाऱ्याची सगळ्यांत जवळची मोठी पेठ लढाईत उद्ध्वस्त झाली होती, आणि त्याच सुमारास पाऊसही गेला होता.

पायरी सहावी : कारण आणि परिणाम यांची साखळी जोडा

दुष्काळ पडला आणि तुकोबांचे दिवाळे निघाले, एवढे म्हणून थांबू नका. मधल्या कड्या शोधा. तुकोबांचे घराणे साधे नव्हते. त्यांच्याकडे देहूची महाजनकी होती, म्हणजे बाजारपेठेचा मान आणि अधिकार होता. शेती होती, दुकान होते आणि सावकारीही होती.

अशा घराला दुष्काळ कसा गाठतो? शेतकरी पीक काढतो तेव्हा कर्ज फेडतो. पीकच नाही तर वसुली नाही. वसुली नाही तर दुकानात माल भरायला पैसा नाही. धान्याचा भाव चढला की उरलेली शिल्लक घरच्यांच्या पोटासाठीच संपते. कुळे गाव सोडून गेली तर कागदावर कर्ज राहते, पण देणारा राहत नाही. ज्याच्याकडे काल लोक हात पसरत होते, त्याच्यावरच हात पसरण्याची वेळ येते. तुकोबांनी पैशाच्या जोडीने मान गेल्याचे का सांगितले, ते इथे कळते. मजुराची उपासमार आणि महाजनाची उपासमार यांत भूक तीच, पण महाजनाला वर लाजही असते.

परंपरा सांगते की पुढे तुकोबांनी कर्जखतांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. लहानपणी ही गोष्ट आपण वैराग्याची म्हणून ऐकतो. दुष्काळाचा अभ्यास केल्यावर तिचा दुसरा अर्थही दिसतो. ते कागद ज्यांच्या नावावर होते, ती माणसेही त्याच दुष्काळातून वाचलेली होती. सावकाराने वही बुडवली की पुष्कळ घरांच्या डोक्यावरचे ओझे उतरले.

पायरी सातवी : कवितेत शोधा, पण ताडून पाहा

आता गाथा उघडा. तुम्हाला दोन प्रकारचे शब्द भरपूर सापडतील. एक बाजारातले : माप, तागडी, भांडवल, मुद्दल, व्याज, उधारी, दिवाळे. दुसरे भुकेचे : रिकामे पोट, भीक, उष्टे, आईसाठी रडणारे तान्हे मूल. मोह असा होतो की हे सगळे दुष्काळाच्या खात्यावर टाकावे.

इथे थांबा आणि एक चाचणी घ्या. नामदेव महाराज तुकोबांच्या आधी अडीच-तीनशे वर्षे होऊन गेले. त्यांच्या अभंगांतही आईसाठी कासावीस झालेले लेकरू आहे. म्हणजे ही प्रतिमा वारकरी परंपरेचीच आहे, ती १६३० च्या दुष्काळातून आली असे म्हणता येणार नाही. हिशोब, वजन-माप आणि सावकारीची भाषा मात्र तुकोबांत फार दाट आणि नेमकी आहे. ती ज्याने स्वतः गादीवर बसून वही लिहिली त्याची भाषा आहे. तिचा संबंध त्यांच्या व्यवसायाशी जोडणे जास्त योग्य.

म्हणून प्रत्येक प्रतिमेला विचारा : ही आधीच्या संतांत आहे का? असली तर ती परंपरेतून आली असणार. नसली, किंवा इथे तिला वेगळे वळण मिळाले असले, तर कवीच्या आयुष्यात तिचे मूळ शोधायला जागा आहे.

हायडेलबर्गचे एक उदाहरण

काळ आणि परिस्थिती शोधायची म्हणजे फक्त ग्रंथालयात बसायचे, असे नाही. हायडेलबर्ग विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था १९६२ साली सुरू झाली. तिथले प्राध्यापक ग्युंथर सोन्थाइमर (१९३४–१९९२) मराठी शिकले आणि वर्षानुवर्षे महाराष्ट्रात हिंडले. धनगरांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या आणि खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा या देवांचा अभ्यास केला. या गाण्यांकडे पाहताना त्यांनी जमीन, पाऊस, गवत आणि मेंढ्यांच्या वाटा यांकडेही पाहिले. कमी पावसाच्या पट्ट्यात भटकणाऱ्या माणसांचे देवही त्यांच्यासारखेच हिंडतात, हे त्यांनी दाखवून दिले. गाणे आणि पर्जन्यमान यांचा संबंध एका जर्मन अभ्यासकाने आपल्याला समजावून दिला, ही या देशात वाढणाऱ्या तुम्हा मुलांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. हायडेलबर्गच्या ग्रंथालयातली मराठी पुस्तके तुमच्या गावच्या ग्रंथालयातून फेर्नलाइएने मागवता येतात का, ते जरूर विचारा.

पायरी आठवी : लिहिताना क्रियापद सांभाळा

मराठीचा वर्ग आहे, म्हणून थोडे व्याकरण. इतिहासाबद्दल लिहिताना मराठीत तीन सोयी आहेत. त्यांचा उपयोग करा.

(अ) पुरावा पक्का असेल तर सरळ भूतकाळ : "१६३० मध्ये दख्खनमध्ये पाऊस पडला नाही."

(आ) अनुमान असेल तर "असावा, असावी, असावे" : "देहूच्या बाजारात धान्याची आवक थांबली असावी."

(इ) परंपरा किंवा आख्यायिका असेल तर "असे म्हणतात, असे सांगतात" : "इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्या, असे सांगतात."

तिसऱ्या वाक्यात परंपरेचा अपमान नाही. भाविक माणूस आणि अभ्यासक दोघांनाही ते वाक्य मान्य होते, आणि कोणालाही खोटे बोलावे लागत नाही. घरी आजी-आजोबांशी या विषयावर बोलताना या क्रियापदांचा फार उपयोग होतो.

शेवटी मुख्य प्रश्न

एवढे सगळे शोधून कवितेत काय फरक पडला?

तुकोबांच्या एका अभंगात ते देवाला म्हणतात की दिवाळे निघाले, दुष्काळाने पिडले, बायको कर्कशा मिळाली, लोकांत फजिती झाली, हे बरेच झाले. त्यामुळे मी तुझ्याकडे वळलो. काळ माहीत नसताना हा अभंग वाचला तर तो गोड वाटतो. संत असेच बोलतात, असे म्हणून आपण पुढे जातो. पण मंडीने काय पाहिले ते वाचल्यावर पुन्हा हा अभंग वाचा. आता "बरे झाले" हे म्हणणे सोपे राहत नाही. अन्न मागत मरणारी बायको ज्याने पाहिली तो माणूस हे म्हणतो आहे. तो स्वतःची समजूत घालतो आहे का? देवाला टोचून बोलतो आहे का? की दुःखाच्या पलीकडे जाऊन खरोखर शांत झाला आहे? तिन्ही वाचने शक्य आहेत, आणि तिन्ही आपल्याला काळ कळल्यावरच सुचतात. इतिहासाने कवितेचा अर्थ ठरवून दिला नाही. तिचे वजन मात्र दाखवून दिले.

आता ग्रिफिउसकडे परत या. त्याच्या सुनीतात युद्ध, आग, रोग, भूक सगळे मोजून झाल्यावर शेवटी तो म्हणतो की या सर्वांहून वाईट असे एक नुकसान झाले : माणसांचा आत्म्याचा ठेवा, म्हणजे श्रद्धा, बळजबरीने हिरावली गेली. तुकोबा म्हणतात की सगळे गेले म्हणून तो ठेवा सापडला. एकच दशक, सारखीच होरपळ, आणि दोन कवींची उत्तरे एकमेकांच्या उलट दिशेला.

म्हणून "दुष्काळ पडला म्हणून तुकाराम झाले" असे कधी लिहू नका. त्या दुष्काळात लाखो माणसे होरपळली, अनेक व्यापाऱ्यांची दिवाळी निघाली. अभंग एकाने लिहिले. परिस्थिती कवीपुढे प्रश्न ठेवते, उत्तर कवीचे स्वतःचे असते. पण तो प्रश्न केवढा मोठा होता हे समजले नाही, तर उत्तराचे मोलही समजत नाही. तुमच्या शाळेत ग्रिफिउसला जो मान मिळतो, म्हणजे त्याचा काळ समजून घेऊन त्याला वाचण्याचा, तोच मान आपण आपल्या कवीला द्यायला हवा. तो देणे या देशात तुमच्याच हातात आहे.

सनावळी (वहीत उतरवून घ्या)

१६०८ – तुकोबांचा जन्म (बहुमान्य साल, काही जण १५९८ मानतात)
१६१६ – ग्रिफिउसचा जन्म
१६१८ – तीस वर्षांच्या युद्धाला प्रारंभ
१६२६ – मलिक अंबरचा मृत्यू
१६३० – शिवजन्म. पावसाने दगा दिला
१६३०–३२ – दख्खन आणि गुजरातमध्ये दुष्काळ
१६३१ – माग्डेबुर्गचा विध्वंस. बऱ्हाणपुरात मुमताजमहलचा मृत्यू
१६३६ – निजामशाहीचा अंत, ग्रिफिउसचे सुनीत
१६४८ – तीस वर्षांचे युद्ध संपले
१६४९ किंवा १६५० – तुकोबांचे वैकुंठगमन

शब्दार्थ

सुनीत – चौदा ओळींची कविता
महाजनकी – बाजारपेठेच्या प्रमुखाचे वंशपरंपरागत काम आणि मान
कूळ – (इथे) सावकाराकडून कर्ज घेतलेला माणूस
कर्जखत – कर्ज घेतल्याचा लेखी कागद
मुद्दल – व्याज सोडून मूळ दिलेली रक्कम
दिवाळे निघणे – देणे फेडायला काहीही न उरणे
तागडी – वजन करण्याचा तराजू
तांडा – मालाचे बैल घेऊन एकत्र चालणारा वंजाऱ्यांचा जथा
लंगर – गरिबांना फुकट अन्न वाटण्याची जागा
आख्यायिका – परंपरेने चालत आलेली गोष्ट

स्वाध्याय

१. तुकोबांचा जन्म १६०८ चा धरला तर १६३० मध्ये त्यांचे वय किती? १५९८ चा धरला तर किती? वय बदलल्याने त्यांच्या हकिकतीकडे पाहण्याची तुमची दृष्टी बदलते का? पाच ओळी लिहा.

२. पीटर मंडी, लाहोरी, बहिणाबाई आणि महिपती यांचा एक तक्ता करा. रकाने : केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले, काय प्रत्यक्ष पाहिले, काय ऐकून लिहिले.

३. घरात कोणाला पाठ असलेला तुकोबांचा एखादा अभंग लिहून घ्या. त्यातले व्यापाराचे, शेतीचे आणि भुकेचे शब्द वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करा.

४. खालील वाक्ये योग्य क्रियापद वापरून पुन्हा लिहा : (अ) तुकोबांनी कर्जखते नदीत बुडवली. (आ) दुष्काळात देहूची पुष्कळ माणसे गाव सोडून गेली. (इ) दौलताबाद १६३३ मध्ये मोगलांनी घेतले.

५. (फक्त मोठ्यांसाठी) ग्रिफिउस आणि तुकोबा यांची गाठ पडली असती तर शेवटच्या प्रश्नावर ते एकमेकांना काय म्हणाले असते? एक पानभर संवाद मराठीत लिहा. तुकोबांच्या तोंडी देहूच्या व्यापाऱ्याची भाषा असावी, चित्रपटातली नको.

लिहिलेले स्वाध्याय पुढच्या वर्गाला घेऊन यावेत. आजी-आजोबांशी फोनवर बोलून माहिती मिळवली असेल तर तसे खाली लिहावे. तेही एक साधन आहे, आणि त्याच्यापुढेही साल लिहायचे विसरू नये.